कर्ज, थकबाकी आणि नोकरीची पडताळणी : खान्देशातल्या उमेदवारांचे नेहमीचे प्रश्न

वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणी, भुसावळ रेल्वे विभाग, धुळ्यातलं राज्य राखीव पोलीस दल, सैन्यभरती, बँका. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांची अर्धी धडपड याच दारांपुढे चालते. परीक्षा निघते, मेडिकल निघतं आणि मग पडताळणीचा कागद हातात येतो. त्या दिवशी हमखास कुणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतो, "दादा, घरावर कर्ज आहे, आते काय करू?" अभ्यासिकेत मुलांचे फॉर्म भरून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

माझ्या नावावर कर्ज आहे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात माझं नाव कटेल का?

नुसत्या कर्जामुळे नाही. कर्ज घेणं हा गुन्हा नाही आणि हप्ता थकणं हाही गुन्हा नाही. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा म्हटल्यावर पीककर्ज असणारच, हे पडताळणी करणाऱ्यालाही ठाऊक असतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, कर्जातून फौजदारी खटला उभा राहिला असेल तर. दोन, तो खटला तुम्ही फॉर्ममध्ये लपवला असेल तर. दुसरी अडचण पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ती पूर्णपणे आपल्या हातातली आहे.

पडताळणीत नेमकं बघतात तरी काय?

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरायला देतात. सगळे त्याला अटेस्टेशन फॉर्म म्हणतात. त्यात राहण्याचे जुने पत्ते, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या हे सगळं असतं, पण खरा जीव प्रश्नांच्या त्या एका रकान्यात असतो : तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर खटला चालला का, दंड किंवा शिक्षा झाली का, हा फॉर्म भरताना कुठल्याही न्यायालयात तुमच्याविरुद्ध प्रकरण प्रलंबित आहे का. वर ठळक अक्षरांत इशारा छापलेला असतो की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हीच अपात्रता ठरेल. फॉर्म दिल्यानंतर पुढे काही घडलं, तर तेही ताबडतोब कळवायचं असतं.

हा फॉर्म जिल्ह्याकडे येतो आणि पोलीस ठाण्याच्या व विशेष शाखेच्या नोंदींशी ताडून पाहिला जातो. गावात कर्मचारी येतो, पोलीस पाटलांशी बोलतो, शेजारी विचारपूस करतो. "पोरगं कसं आहे?" या प्रश्नाच्या उत्तरात उधारी, जुगार, भांडणं हे सगळं आपोआप निघतं. फॉर्ममध्ये कर्जाचा रकाना नाही म्हणून कर्जाची गोष्ट कुणाला कळणार नाही, असं धरून चालू नका.

माझ्या उधारीशी देशाच्या सुरक्षेचा काय संबंध?

हा प्रश्न मुलं जरा रागानेच विचारतात, आणि राग समजण्यासारखा आहे. पण त्यामागचं कारण खरं आहे. वरणगावला बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. तिथे किती माल बनतो, कुठे जातो, कुणाची पाळी कधी असते, या माहितीला बाहेर किंमत आहे. ज्याच्या दारात रोज वसुलीवाला उभा आहे, त्याला पैसे देऊ करणारा माणूस सहज गाठू शकतो. म्हणून गुप्त माहिती हाताळणाऱ्या जागांवर आर्थिक ओढाताण हा धोक्याचा एक घटक मानतात. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ पासूनचा आहे आणि त्याखाली अडकलेल्या माणसाला "मी अडचणीत होतो" हा बचाव नाही.

पण गरिबी म्हणजे बेइमानी नव्हे. बोंडअळीने कपाशी गेली किंवा जूनच्या वादळात रावेर-यावलकडची केळी आडवी झाली म्हणून कर्जात गेलेला माणूस आणि चैनीपायी बुडालेला माणूस, यांच्यात फरक केला जातो आणि करायलाच हवा. तो फरक दाखवणारे कागद मात्र आपल्याकडे हवेत.

चेक बाउन्सची केस आहे. फॉर्ममध्ये लिहायची का?

लिहायची. यात दुसरं मत नाही. आपल्याकडच्या मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. "ती तर पैशांची केस, पोलिसांची थोडीच," असं म्हणून ते "नाही" वर खूण करतात.

परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी धरलं नाही, एफआयआर नाही, तरी मॅजिस्ट्रेटपुढे चालतो तो खटलाच. खात्यातून आपोआप कटणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली तशीच कारवाई होऊ शकते. म्हणजे "मी तर चेक दिलाच नव्हता" हेही पुरत नाही.

यात सुटकेची जागा आहे आणि ती वेळेशी बांधलेली आहे. चेक परत आल्याचं कळल्यावर समोरच्याने ३० दिवसांत नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस मिळतात. त्या १५ दिवसांत पैसे भरले, तर खटला उभाच राहत नाही. पोस्टमन नोटीस घेऊन आला की "घरी नाहीत" म्हणून परत पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. त्या परत गेलेल्या पाकिटाने काहीच टळत नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोहोचली असंच न्यायालय सहसा धरतं, आणि हातातले १५ दिवस मात्र फुकट जातात.

खटला आधीच उभा असेल, तर त्यात तडजोड करता येते. कलम १४७ तसं स्पष्ट म्हणतं. तडजोडीचा आदेश निघाला की त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा. आणि प्रकरण मिटलं तरी "कधी खटला चालला का" या प्रश्नाचं उत्तर "होय, तडजोडीने निकाली" असंच लिहायचं, पुढे केस नंबर, न्यायालय आणि निकालाची तारीख.

लिहिलं तर ते मला काढूनच टाकतील ना?

टाकतीलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे हा विषय सविस्तर तपासला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हा पाया. खरी माहिती दिल्यावरही नेमणूक द्यायची की नाही, हे ठरवण्याचा मालकाचा, म्हणजे नोकरी देणाऱ्याचा, अधिकार शाबूत राहतो. पण प्रकरण किरकोळ असेल, तर मालक त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. एकाहून जास्त प्रलंबित प्रकरणं जाणूनबुजून दडवली असतील, तर मात्र तेवढंच कारण नेमणूक रद्द करायला पुरतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. लिहिल्याने कदाचित प्रश्न विचारले जातील. लपवल्याने पाच वर्षांनीसुद्धा, कायम झाल्यावरही, नोकरी जाऊ शकते, आणि तेव्हा वय निघून गेलेलं असतं.

बँकेने किंवा पतपेढीने फक्त वसुलीचा दावा लावला आहे. तो दिवाणी आहे ना?

हो, दिवाणी आहे. पण फॉर्ममधला प्रश्न "कुठल्याही न्यायालयात प्रलंबित प्रकरण" असा असेल, तर तोही लिहा. नुसती नोटीस आली असेल आणि दावा नसेल, तर लिहिण्यासारखं प्रकरण अजून उभं नाही. पतपेढीच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुलीचा दाखला देतो, त्यालाच लोक "एकशे एकची कारवाई" म्हणतात. ते फौजदारी नाही. वेगळा रकाना नसला तरी जोडपत्रात एका ओळीत सांगून टाकलेलं बरं.

बँकेच्या भरतीत सिबिल खरंच बघतात का?

खरंच बघतात. सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी संस्था, आणि तिच्या रिपोर्टलाही लोक सिबिलच म्हणतात. इथे नियम संरक्षण खात्यापेक्षा कडक आहे. स्टेट बँकेच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं की कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची परतफेड थकवल्याची नोंद असलेला उमेदवार नेमणुकीस पात्र नाही. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीतही क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्जफेडीची नोंद, निरोगी ठेवण्याची अट असते. नोंद खराब असेल, तर रुजू होण्याआधी ती दुरुस्त करून घ्या किंवा संबंधित बँकेचं येणं बाकी नसल्याचं पत्र आणा, नाहीतर नेमणूक मागे घेतली जाऊ शकते. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा कारणावरून स्टेट बँकेने रद्द केलेली एका उमेदवाराची नेमणूक योग्य ठरवली. दुसऱ्यांचे पैसे सांभाळणाऱ्याच्या हातात आर्थिक शिस्त हवी, हा त्यामागचा विचार.

मूळ कायदाही जुना आहे. बँकिंग नियमन अधिनियम १९४९ चं कलम १० दिवाळखोर ठरलेल्या माणसाला बँकेत नोकरीवर ठेवायला मनाई करतं.

ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याने घाबरू नये. त्याच्या रिपोर्टमध्ये "नोंद नाही" असं येतं, आणि नोंद नसणं म्हणजे नोंद वाईट असणं नव्हे.

माझं तर फक्त मोबाइलचं कर्ज होतं. तेही दिसतं?

दिसतं. मध्यंतरी एका मुलाचा रिपोर्ट त्याच्यासोबत बसून पाहिला. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून हप्त्यावर घेतलेला मोबाइल, दोन हप्ते उरलेले असताना तो पुण्याला कामाला गेला, बँक खातं बदललं आणि विसरला. रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याचा एक छोटा चौकोन असतो. सुरुवातीच्या चौकोनांत ०००, ०००, ०००. मग ०३०, ०६०, ०९०. म्हणजे हप्ता इतके दिवस मागे. ९० दिवस ओलांडले की खातं बुडीत वर्गात जातं. त्याच्या शेवटच्या ओळीत "रिटन ऑफ", म्हणजे बुडीत म्हणून हिशेबातून काढलेलं, असं लिहिलेलं होतं, आणि मूळ बाकी त्याच्या एका महिन्याच्या खोलीभाड्याहूनही कमी होती.

सिबिलचा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, पण पडताळणीसाठी आकड्यापेक्षा हे चौकोन आणि शेवटचा शेरा वाचा. भारतात अशा चार संस्था आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कुणा एजंटला पैसे देऊ नका. चूक दिसली तर त्यांच्याच संकेतस्थळावर तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

एकरकमी तडजोड करून मोकळं व्हावं का?

परवडत असेल तर पूर्ण रक्कम भरा, हाच सल्ला. तडजोडीत बँक थोडं सोडते, पण रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा येतो आणि त्याचा अर्थ पूर्ण फेड झाली नाही असाच घेतात. बँकेत नोकरी करायची असेल तर हा शेरा त्रास देतो. कारखाना, रेल्वे, पोलीस यांच्यासाठी तडजोडीचं पत्र पुष्कळ कामाचं आहे, कारण प्रकरण मिटवण्याची धडपड त्यात दिसते. तडजोड कराल तेव्हा तोंडी बोलण्यावर एक रुपयाही भरू नका. आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख, मग पैसे, मग बेबाकी दाखला, म्हणजे येणं बाकी नसल्याचं पत्र.

वडिलांचं विकासोचं (गावच्या विकास सोसायटीचं) कर्ज थकलं आहे. माझ्यावर येईल का?

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर येत नाही. वडिलांचं पीककर्ज वडिलांच्या खात्यावर असतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा आहे म्हणून मुलाची पडताळणी अडत नाही. २०१७ ची दीड लाखापर्यंतची किंवा २०१९ ची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी मिळाली असेल, तर सोसायटीतून बेबाकी दाखला आणून बोजा उतरवून घ्या.

शैक्षणिक कर्जाचं मात्र उलट आहे. ते तुमच्याच नावावर असतं, वडील सोबत असतात. शिक्षण आणि त्यापुढचं साधारण वर्षभर हप्ता नसतो. नोकरी नाही म्हणून त्यानंतरही न भरणाऱ्या इंजिनीअर मुलांना आपण कुठे अडकतोय ते बँक भरतीच्या वेळी कळतं. मुदत संपण्याआधीच शाखेत जा आणि हप्ते लांबवून मागा. थकल्यावर मागणं आणि थकण्याआधी मागणं यात फार फरक आहे.

मित्राला जामीन राहिलो होतो. त्याने बुडवलं.

हे दुखणं आपल्या भागात घरोघरी आहे. भावकी, सोयरे, मित्र, कुणालाच नाही म्हणवत नाही. करार कायदा १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी कर्जदाराकडे जाईल, मग माझ्याकडे, ही समजूत चुकीची आहे. थकबाकी तुमच्या रिपोर्टमध्येही दिसते. भरती तोंडावर असेल तर रक्कम भरून नंतर मित्राकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. आणि परीक्षेची तयारी चालू असताना कुणालाही जामीन राहू नका, सख्ख्या मेहुण्यालासुद्धा. नंतरच्या वैरापेक्षा आताचा रुसवा बरा.

सावकाराकडून घेतलेत. तो म्हणतो तुझी नोकरी घालवतो.

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हाच गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते आणि बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. सावकाराच्या धमकीने पडताळणी बिघडत नाही. त्याच्याकडे तुम्ही सही करून दिलेले कोरे चेक असतील, तर ते बिघडवू शकतात. म्हणून चेक नंबर लिहून काढा आणि लगेच वकिलाला भेटा. नोटीस आली तर १५ दिवसांत लेखी उत्तर गेलंच पाहिजे.

रमी-सट्ट्याच्या ॲपमध्ये पैसे गेले, ते भरायला लोन ॲप घेतलं.

पैशांवर खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला, कारण याने खरंच घरं बसली. पडताळणीच्या नजरेतून सगळ्यात वाईट कर्ज हेच, कारण ते परिस्थितीचं नसून सवयीचं दिसतं. आधी घरी सांगा. लोन ॲपवाला फोटो बदलून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देत असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. धमकीला भिऊन दुसऱ्या ॲपमधून पैसे उचलू नका.

नोकरी लागल्यावर काही बंधन असतं का?

असतं, आणि फार थोड्यांना माहीत असतं. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधला नियम १७ म्हणतो की कर्मचाऱ्याने सततचं कर्जबाजारीपण आणि दिवाळखोरी टाळेल असा आपला व्यवहार ठेवावा. वसुलीसाठी कोर्टात कारवाई झाली, तर तिची पूर्ण माहिती लगेच वरिष्ठांना द्यायची असते. कर्ज उधळपट्टीतून नाही, हाताबाहेरच्या कारणाने झालं, हे दाखवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे. म्हणून आईच्या ऑपरेशनची बिलं, पंचनाम्याची प्रत, कर्जमंजुरीचं पत्र फाडू नका.

कोर्टाने पगार जप्त केला, तरी सगळा जात नाही. साध्या कर्जासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. ढोबळ हिशेबाने ३१,००० पगार असेल तर २१,००० तुमच्याकडे आणि १०,००० जप्तीला. पण जप्तीचं पत्र ऑफिसात तुमच्याआधी पोहोचलं, तर वाईट दिसतं. तुमचा अर्ज आधी गेला पाहिजे.

वसुलीवाले फॅक्टरीच्या गेटवर येऊन तमाशा करतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान, धमकी, घरच्यांना त्रास हेही चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी नंबर १४४४८.

पासपोर्टला अडचण येईल?

नुसत्या कर्जाने नाही. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर येते, आणि चेक बाउन्स त्यात मोडतो. अशा वेळी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या चुलतभावाला तिकडच्या सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी कर्जाबद्दल विचारलं. इथेही तसंच होईल का?

तिथली पद्धत वेगळी आहे. अमेरिकेत आर्थिक परिस्थिती हा क्लिअरन्सचा एक स्वतंत्र निकषच आहे, त्याला "गाइडलाइन एफ" म्हणतात, आणि फॉर्ममध्ये मागच्या सात वर्षांतल्या थकबाकीबद्दल थेट विचारतात. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट यांसारख्या कारणांनी आलेलं कर्ज आणि ते फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न या गोष्टी उमेदवाराच्या बाजूने धरल्या जातात. आपल्याकडे असा लेखी निकष उमेदवाराच्या हातात दिला जात नाही.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत. कुठे जाऊ?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अक्कलकुवा, धडगाव, साक्री, चोपड्याच्या आदिवासी मुलांनी हे नक्की लक्षात ठेवावं. हेल्पलाइन १५१००. राष्ट्रीय लोकअदालतीत बँकेची प्रकरणं आणि चेक बाउन्स दोन्ही घेतात. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

उद्या पडताळणीला येणार आहेत. काय तयार ठेवू?

फॉर्मची झेरॉक्स, म्हणजे तुम्ही काय लिहिलंय ते तुमच्याच तोंडून वेगळं निघणार नाही. चालू कर्जाचं खातेपत्रक, मिटलेल्या कर्जाचा बेबाकी दाखला, तडजोडीच्या आदेशाची प्रमाणित प्रत. घरच्यांना आजच सांगून ठेवा की कर्जाबद्दल विचारलं तर जे आहे ते सांगायचं. बाप "काहीच कर्ज नाही" म्हणतो आणि पोलीस पाटील "आहे थोडं" म्हणतात, असं झालं की कर्मचारी दुसऱ्यांदा येतो.